बार्शी लाईट : अडीच फुटांची वाट

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण होण्यापूर्वी मुंबईहून गोव्याला जाताना आपल्यापैकी अनेकांनी मिरजेला गाडी बदलली आहे. १९७१ नंतर त्या स्थानकात तीन मापांचे रूळ एकत्र नांदत होते : पुण्याकडून येणारा ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा मीटरगेज आणि पंढरपूरकडे निघालेला अवघ्या अडीच फुटांचा नॅरोगेज. मुलेबाळे व वळकट्या सांभाळण्याच्या धांदलीत त्या तिसऱ्याकडे कोण लक्ष देणार? त्याची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे.

बार्शी ही कापसाची जुनी पेठ. १८६० साली सोलापूरला पोहोचलेला जी.आय.पी. कंपनीचा लोहमार्ग तिला वीसेक मैल दूर ठेवून गेला. कुर्डुवाडीच्या स्थानकाला कंपनीने 'बार्शी रोड' असे नाव दिले. जणू नाव दिल्याने गाव जवळ येते! कापूस बैलगाड्यांतूनच स्थानक गाठत राहिला.

त्याच कंपनीच्या चाकरीत असलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने यावर उपाय शोधला. त्याचा हिशेब साधा होता. रूळ हलका घातला तर खर्च कमी. परंतु हलका रूळ जड इंजिनाखाली टिकत नाही. म्हणून इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा त्याचा दंडक. इंजिनाचे वजन त्याने अनेक चाकांवर वाटून दिले. गरीब मुलखाला परवडेल अशी आगगाडी त्यातून सिद्ध झाली. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी घेणाऱ्यांसाठी हवाई छत्री बनविली व तिचे नाव ठेवले 'गार्डियन एंजल', म्हणजे आपला रक्षकदूत.)

१८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरज संस्थानात पोहोचली. सव्वातीनशे किलोमीटरांची ही वाट कापूस आणि वारकरी यांच्या बळावर चालली. मालक कंपनी लंडनची होती. १९५४ साली सरकारने मार्ग ताब्यात घेतला.

या स्वस्ताईची किंमत कोणी मोजली? आमच्या मते, कुर्डुवाडीच्या हमालांच्या पाठींनी. लहान मापाचा डबा मोठ्या रुळावर जाऊ शकत नसल्यामुळे पुढे जाणारा माल येथे उतरवून पुन्हा चढवावा लागे. रूळ घालताना वाचलेला पैसा येथे दररोज थोडा थोडा परत जात असे. तरीही ही गाडी नसती तर त्या भागाला दुसरी कोणती मिळाली असती, असे आम्हांस वाटत नाही.

२००८ साली लातूर-कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला आणि पाठोपाठ मिरजेपर्यंतचा उरलेला भागही. या रूपांतरात एक जुने उणे भरून निघाले. लहान गाडी येडशीवरून जाई. जिल्ह्याचे ठिकाण असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, बाजूलाच राही. बार्शीने एकेकाळी सोसलेले दूरपण या शहराने जवळजवळ शंभर वर्षे सोसले. नवा मार्ग वळवून शहराजवळून नेला, तेव्हा कुठे धाराशिवला आपले स्थानक मिळाले.