सभेत बोलण्याची कला : पेडणे-डिचोलीतील काही टप्पे

व्यवसायात शिरलेल्या तरुणांसाठी पणजी-म्हापशाच्या सभागृहांतून आजकाल वक्तृत्वाच्या कार्यशाळा भरतात. श्रोत्यांकडे कसे पाहावे, हात कोठे ठेवावेत, पडद्यावर चित्रे किती दाखवावीत, याचे धडे तेथे मिळतात. तुये आणि डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींत नोकरी करणारी आपली मुलेही शुल्क भरून जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र याच भागातील माणसे चारचौघांत बोलायला कशी शिकली, हा इतिहास त्यांना कोणी सांगत नाही. तो त्यांच्या उपयोगाचा आहे.

पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज अमलाखाली गेले. जुन्या काबिजादीत देवळे पाडली गेली होती. नव्या काबिजादीत देवळे आणि गावरहाटी टिकली. त्यामुळे बोलण्याच्या दोन शाळा येथे अखंड चालू राहिल्या. एक कीर्तन आणि दुसरी दशावतार.

कीर्तनकार पूर्वरंगात एक पद घेऊन त्याचे निरूपण करतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो. आधी विचार मांडायचा, मग तो गोष्टीने पटवायचा, असा हा क्रम आहे. ध्वनिक्षेपक नसताना सभामंडपातल्या शेवटच्या खांबाशी बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द पोचवायचा, हे त्यातले पहिले पथ्य. दशावताराची कसोटी याहून कठीण. त्याला लिखित संहिता नाही. जत्रेच्या रात्री कोणते आख्यान लावायचे ते ठरते, कथा सर्वांना ठाऊक असते आणि संवाद रंगमंचावरच सुचावे लागतात. समोरच्या नटाने आडवा प्रश्न टाकला तर पेटी-पखवाजाच्या साथीत तेथल्या तेथे उत्तर द्यायचे. आडदशावतारातला संकासुर बोलीभाषेत थट्टा करतो. तोच प्रेक्षक थोड्या वेळाने राजाची भारदस्त मराठी ऐकतो. कोणापुढे कोणती भाषा वापरावी, याचे यापेक्षा चांगले शिक्षण मला तरी ठाऊक नाही.

मात्र हे सारे बोलणे पुराणातल्या राजांविषयीचे. प्रत्यक्ष राज्यकर्त्यांविषयी बोलण्याची सोय नव्हती. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदू समाजाला थोडा मोकळा श्वास मिळाला. वृत्तपत्रे निघाली, संस्था उभ्या राहिल्या. सालाझारच्या राजवटीत ती वाट पुन्हा बंद झाली. छापील मजकूर आधी तपासून घ्यावा लागे, सभेला परवानगी लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, ती सभा इतिहासात गेली ती यामुळेच. पोलिसांनी त्यांना भाषण पुरे करू दिले नाही. न झालेल्या त्या भाषणाने जे केले, ते अनेक झालेल्या भाषणांना जमलेले नाही.

आठ वर्षांनी, १७ फेब्रुवारी १९५४ रोजी, शापोरा नदीच्या अलीकडे म्हापशात एक मेजवानी होती. गोवा हा पोर्तुगालचाच भाग, असे एका वक्त्याच्या बोलण्यात आले. तेथे हजर असलेल्या डॉ. पुंडलीक गायतोंडे यांनी निषेध नोंदवला. बोलणे एका शब्दाचे. त्यासाठी त्यांना अटक होऊन पोर्तुगालला धाडण्यात आले. नेमके किती बोलावे, या प्रश्नावर कार्यशाळांतून बराच वेळ खर्च होतो. त्यांनी हा प्रसंग जरूर सांगावा.

१९ डिसेंबर १९६१ नंतर व्यासपीठ मोकळे झाले आणि दोन वर्षांनी पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तारीख २० डिसेंबर १९६३. १९११ साली जन्मलेले हे गृहस्थ खाण व्यवसायातले; वयाच्या पन्नाशीनंतर ते राजकीय व्यासपीठावर आले. पांडित्याचा आव त्यांच्या बोलण्यात नव्हता, घरगुतीपणा होता. कुळाला, मजुराला आपल्याशीच कोणी बोलते आहे असे वाटे. माझा तर्क असा, की असा वक्ता ऐकण्याची सवय आपल्या भागाला देवळांच्या मंडपांनी आधीच लावलेली होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात एका बाजूला फूल, दुसऱ्या बाजूला दोन पाने होती. बांदोडकर आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या प्रचाराने गावे ढवळून निघाली. पेडणे-डिचोलीत विलीनीकरणाची बाजू प्रबळ होती, परंतु एकूण निकाल ३४,०२१ मतांनी विरोधात गेला. आपल्या घरांतून त्या पराभवाची चर्चा अद्याप होते. वीस वर्षांपूर्वी त्याच माणसांना घरच्या पडवीतही जपून बोलावे लागत होते, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

आता व्यवसाय आणि वक्तृत्व यांची खरी गाठ पडते ती जनसुनावणीत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पापूर्वी किमान तीस दिवसांची सूचना देऊन ती घ्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी शेजारी. मोप विमानतळासाठी २०१५ साली पेडण्यात आणि खनिज गटासाठी २०२३ साली डिचोलीत अशा सुनावण्या झाल्या. प्रकल्पवाल्यांचा प्रतिनिधी आधी बोलतो. कोट घातलेला हा तरुण बहुधा कार्यशाळेतून तयार झालेला असतो. पडद्यावरचे आलेख सुंदर, भाषा इंग्रजी, आणि समोरची विहिरीची काळजी करणारी माणसे त्याला दिसतच नाहीत. नंतर गावकरी उठतात. त्यांचे मुद्दे खरे असतात, पण संतापात निम्मे विखुरतात. दोघांनाही कीर्तनकाराकडे आठवडाभर बसवावे, असे मला नोकरीत असताना अनेकदा वाटले.

या सुनावणीचा शेवटचा भाग फारसा कोणी पाहत नाही. कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपस्थितांना वाचून समजावून द्यावा लागतो आणि मगच अध्यक्षांची सही होते. तोवर बहुतेक खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात. अशाच एका सुनावणीत एक वृद्ध गृहस्थ बसून राहिले होते. तरुणपणी जत्रांतून ते राजाचे काम करीत. वाचन संपल्यावर ते उठले आणि झऱ्याच्या पाण्याविषयीचे आपले वाक्य वाचनात आलेले नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. लिपिकाने मागची पाने चाळली. मग ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा, सावकाश, उतरवून घेण्यात आले.