कन्नड : सीमेवरील गाव व त्याचा समाज

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. ते शिवना नदीकाठी, जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाच्या वायव्येस सुमारे ६० किमी. अंतरावर, अजिंठा-सातमाळा डोंगररांगेच्या घाटमाथ्यावर वसले आहे. गावाच्या उत्तरेचा औट्रम घाट उतरला, की जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव लागते. आज ही केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे. परंतु पेशवाईच्या अस्तापासून १९४७ पर्यंत ती ढोबळमानाने ब्रिटिश खानदेश व निजामाचे हैदराबाद संस्थान यांची सीमा होती. पुढील तेरा महिने तर तिला, व्यवहारापुरते का होईना, आंतरराष्ट्रीय सीमेचे स्वरूप आले होते. कन्नडच्या समाजाची घडण या सीमेच्या संदर्भातच समजून घ्यावी लागते.

मुळात हा डोंगर अडथळा नसून वाट होती. तालुक्यातील पितळखोरे येथील बौद्ध लेण्यांचा आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकात झाला. तेथील लेखांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी मितदेव व राजवैद्य मगिल यांची दाने नोंदलेली असून एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गावरील हा समाज घाटाच्या दोन्ही अंगांना सारखाच वावरत होता. पुढे निजामशाहीच्या काळात अंतूरचा किल्ला महत्त्वास चढला, तोही या वाटांवर लक्ष ठेवण्याच्या सोयीमुळेच.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला व डोंगररांग ही सीमा झाली. तिचा पहिला आघात भिल्लांवर झाला. घाटांची राखण आणि तिच्या मोबदल्यातील हक्क यांवर त्यांची उपजीविका चाले. नव्या राजवटीने हे हक्क प्रारंभी गांभीर्याने घेतले नाहीत आणि भिल्लांनी शस्त्र धरले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात डोंगरवाटांनी निसटता येत असल्यामुळे केवळ फौजेच्या बळावर बंदोबस्त होईना. १८२५ मध्ये धोरण बदलले. औट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तर दक्षिण भागासाठी नेमलेल्या भिल्ल एजंटाचे ठाणे कन्नड येथे ठेवण्यात आले. भिल्लांना जमीन, बैल व तगाई देऊन वसविणे, हे या एजंटाचे मुख्य काम. ते ओव्हान्स याने बऱ्याच धीराने केले. (प्रतापसिंह छत्रपतींच्या पदच्युतीच्या वेळी, १८३९ मध्ये, साताऱ्याचा रेसिडेंट होता तो हाच.) घाटाला मात्र औट्रमचे नाव मिळाले, वसाहतींपेक्षा पलटण लोकांच्या स्मरणात अधिक राहिली, असे म्हणावे लागते.

कन्नड परिसरात मराठा, राजपूत, मुसलमान, मारवाडी व्यापारी, भिल्ल व बंजारा असे समाज पूर्वापार आहेत. घाटाखाली अहिराणी बोलली जाते आणि सोयरिकी घाट ओलांडून होत आल्या. सरकार मात्र दोन होते. वर हाली सिक्का चाले, तर खाली कलदार. शंभर कलदारांस साधारणतः ११६ हाली रुपये पडत. संस्थानच्या हद्दीवर ‘करोडगिरी’ खात्याचे नाके असत व १८०२ च्या व्यापारी तहाने ठरलेली शेकडा पाच जकात दीर्घकाळ चालू राहिली. १८६०–७० या दशकात मुंबई–भुसावळ लोहमार्ग चाळीसगावावरून गेल्यावर कन्नडकडील कापसाला ते स्थानक सोयीचे झाले. म्हणजे जवळच्या बाजारात जाण्यासही राज्य ओलांडावे लागे. सर्वांत खोल भेद भाषेचा होता. १८८४ च्या सुमारास संस्थानच्या कारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. खानदेशातील मुलगा मराठीतून शिकत असता घाटावरील मुलाला प्राथमिक शाळेपुढे उर्दूचाच आश्रय घ्यावा लागे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी चाळीसगाव स्वतंत्र भारतात होते, कन्नड नव्हते. संस्थानी काँग्रेसच्या कृतिसमितीने मनमाड येथे कार्यालय थाटले व सरहद्दीवर छावण्या उभ्या राहिल्या. करोडगिरीची नाकी जाळणे हा या लढ्याचा एक ठरलेला कार्यक्रम होता. नाका हे परकेपणाचे सर्वांत दृश्य चिन्ह होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळते. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील अनेक कुटुंबे हद्दीपलीकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १५ रोजी औरंगाबाद हाती आले आणि १७ रोजी निजामाने शरणागती पतकरली. त्यानंतर संस्थानात अनेक ठिकाणी मुसलमानांवर सूडाचे अत्याचार झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल २०१३ पर्यंत जनतेपुढे आला नाही. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या प्रकरणाला अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व घाटाखालचा आणि घाटावरचा मुलूख पुन्हा एका राज्यात नांदू लागला. तथापि जुनी सीमा कागदपत्रांत टिकून राहिली. खानदेशात अनेक मराठा कुटुंबांच्या जुन्या नोंदी ‘कुणबी’ अशा सापडतात. घाटावर तशा नोंदी फार थोड्या. त्यामुळेच २ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्याचा निर्णय करावा लागला. लागलीच बंजारा समाजाने त्याच गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला. पूर्वी एकाच निजामाची प्रजा असलेला हा समाज तेलंगणात १९७६ च्या कायद्यान्वये अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि कन्नडच्या तांड्यांवर विमुक्त जातींत गणला जातो.