मिसळ आणि हॉटेलातील बाक

आपल्या ज्ञातीतील घराघरांतून रविवारी सकाळी मिसळ होते, आणि तरुण मंडळी ती खावयास हॉटेलातही जातात. त्यात आज कोणास काही वावगे वाटत नाही. या पदार्थास आम्ही स्मरणिकेत स्थान देत आहो, ते केवळ त्याच्या चवीसाठी नव्हे. ज्या बाकावर बसून तो खातात, त्या बाकासाठी.

मोड आलेल्या मटकीची उसळ, वर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि तिखट रस्सा, एवढाच हा प्रपंच. या रश्शास कोल्हापूरकर कट म्हणतात. पुणेकर उसळीवर पोहे-बटाटा घालतात आणि पुन्हा रस्सा मागताना 'सँपल' म्हणतात. नाशिककडे काळ्या मसाल्याची मिसळ, सोबतीस पापड. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण सढळ तेलात परतले की तिखटाचा रंग तेलात उतरतो व ते तेल वर तरंगते. हॉटेलात तो रस्सा मोठ्या पातेल्यात सकाळभर मंद उकळत राहतो; चार माणसांच्या स्वयंपाकात ती चव साधत नाही, हे गृहिणींनी रागावू नये.

आमच्या आजोबांच्या पिढीत मात्र हॉटेलात खाणे म्हणजे बाटणे. पावाचीही तीच गत. तो पोर्तुगिजांबरोबर आलेला, म्हणून सोवळ्या घरांत त्यास मज्जाव. इ. स. १८९० मध्ये पुण्यास पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे प्रभृतींपुढे चहा ठेवण्यात आला. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले.

कोल्हापुरात मात्र निराळे घडले. पाण्यास शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे या दलित नोकरास शाहू छत्रपतींनी स्वतंत्र धंदा काढावयास सांगितले. त्यांनी चहाचे हॉटेल काढले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः दारात गाडी थांबवून तेथला चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही पाजीत. छत्रपतींच्या हातून आलेला पेला नाकारणार कोण? महाराज १९२२ साली निवर्तले. पुढे १९५० च्या राज्यघटनेने उपाहारगृहाचे दार जातीवरून कोणास बंद करता येणार नाही असे ठरविले, आणि १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा सांगितली.

कायदा झाला म्हणून जेवणघरातील पंगत लगेच बदलली नाही. हॉटेलातील बाक मात्र बदलला. तेथे शेजारी कोण बसला आहे हे विचारण्याची सोय नाही. सकाळी दहाच्या गर्दीत जागा मिळाली हेच भाग्य. त्याने रश्शाचे भांडे पुढे सरकविले की आपण घ्यावे, आपल्याकडचा कांदा त्यास द्यावा. मिसळीची बशी पुढे असता गोत्र आठवते कोणास?

यंदाच्या स्नेहसंमेलनातही न्याहरीस मिसळच होती. ती उत्तम झाली होती. पंगत मात्र ज्ञातीपुरतीच होती, हे येथे नमूद करणे आम्हांस प्राप्त आहे.