हलके लिनक्स वितरण

हलके लिनक्स वितरण म्हणजे जुन्या वा अल्पक्षमतेच्या संगणकासाठी रचलेली संचालन प्रणाली. रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत २००७ साली मुलांना मिळालेले एक्सओ लॅपटॉप फेडोरावर आधारित अशाच प्रणालीवर चालत. त्यांची रॅम अवघी २५६ एमबी होती.

अशी प्रणाली पेन ड्राइव्हवरून, स्थापना न करताही, चालवून पाहता येते. वाय-फाय व ध्वनी तेव्हाच तपासणे श्रेयस्कर. संपूर्ण डिस्कवर स्थापना केल्यास जुन्या सर्व फायली पुसल्या जातात, म्हणून त्यांची प्रत आधीच अन्यत्र ठेवणे अनिवार्य होय. प्रोसेसर ३२-बिट असल्यास निवड तोकडी उरते: लुबंटूच्या १९.०४ आवृत्तीपासून (२०१९) तो आधार बंद झाला, अँटीएक्स २३ मध्ये मात्र आहे. प्रणाली हलकी असली तरी आधुनिक ब्राउझर बरीच रॅम व्यापतो. त्यामुळे लेखन-वाचनास उपयोगी ठरलेला लॅपटॉप चित्रफितींना अपुरा पडू शकतो.