तळटीप : बकीज
१. बकीज : अमेरिकेतील टेक्सास संस्थानात, लेक जॅक्सन या गावी, १९८२ साली आर्च अ‍ॅप्लिन व डॉन वासेक यांनी स्थापिलेली, तांबडी टोपी घातलेल्या बीव्हर प्राण्याचे बोधचिन्ह मिरविणारी प्रवासकेंद्रांची पेढी. २०२४ साली लुलिंग येथे उघडलेल्या तिच्या केंद्राचे क्षेत्रफळ सुमारे ७५,००० चौरस फूट असून तेथे १२० इंधनपंप आहेत. अवजड मालमोटारींना मात्र आवारात मज्जाव आहे. ज्या मुलखात दोन नगरांमधील अंतर कित्येकदा शेकडो मैलांचे असते, तेथे अहोरात्र खुली असणारी निर्मळ शौचगृहे आणि धुरीवर शिजविलेल्या गोमांसाचे ताजे काप यांची शाश्वती सहकुटुंब निघालेल्या वाटसरूस केवढा दिलासा देते, हे ध्यानी घेतल्यावाचून, वाट वाकडी करूनही तेथेच थांबण्याचा प्रस्तुत उताऱ्यातील प्रवाशांचा आग्रह वाचकांस यथार्थपणे उमगणार नाही. — संपा.