फरशीवरचा अटलांटिक

आरमारी युद्धखेळाला जागा किती लागते, याचा हिशेब आधी मांडतो. माझ्याकडची छोटी जहाजं १:२४०० प्रमाणातली आहेत. त्यात ‘हूड’ ही भली मोठी ब्रिटिश युद्धनौका जेमतेम ११ सेंटिमीटर भरते. पण मे १९४१ मध्ये डेन्मार्क सामुद्रधुनीत तिने तोफा डागल्या, तेव्हा जर्मन जहाजं सुमारे २४ किलोमीटरवर होती. त्याच प्रमाणात हे अंतर होतं दहा मीटर! जेवणाच्या टेबलावर ते मावायचं कसं? म्हणून मी खेळ जमिनीवर मांडतो आणि अंतरासाठी जहाजांपेक्षा वेगळं, निम्मं प्रमाण धरतो. आमच्या जुन्या घरातल्या शहाबादी फरशीचा करडा रंग समुद्राला शोभतो आणि दोन फुटी फरश्यांचे सांधे मोजमापाला आयते मिळतात.

समुद्र घरात आणायची ही खटपट जुनी आहे. स्कॉटलंडच्या जॉन क्लार्क यांनी आरमारात कधीच नोकरी केली नव्हती. टेबलावर इवली जहाजं सरकवून त्यांनी डावपेच अभ्यासले आणि १७८२ मध्ये त्यावर निबंध छापला. १८९८ मध्ये इंग्लंडात फ्रेड जेन यांनी चौकटींच्या पटावरचा खेळ आणला. त्यात टाचणी बसवलेल्या फळीने जहाजाच्या चित्रावर नेम मारायचा. टाचणी मुद्दाम मध्यापासून बाजूला असे, कारण खरी तोफही हमखास लागत नाही. पुढे न्यूयॉर्कमध्ये लेखक फ्लेचर प्रॅट यांनी १९३० च्या दशकात थेट जमीन गाठली. खेळाडूने नजरेने अंतर ताडायचं, कागदावर लिहायचं, मग टेप लावून गोळा कुठे पडला ते ठरवायचं.

मात्र उघड्या पटाशी उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही आरमारं एकदम दिसतात. कप्तानाच्या वाट्याला असं भाग्य येत नाही. या अडचणीवरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा तोडगा १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या डर्बी हाउसमध्ये निघाला.

तिथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्यावर जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डावपेच शोधायची जबाबदारी आली. क्षयामुळे त्यांना १९३८ मध्येच आरमार सोडावं लागलं होतं. मदतीला होत्या महिला आरमारी दलातल्या ‘रेन’, बहुतेक जणी विशीच्या आगेमागे. तपकिरी लिनोलियमवर दहा-दहा इंचांवर रेघा आखल्या होत्या. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे एक सागरी मैल. कडेला कॅनव्हासचे पडदे होते. संरक्षक नौकांचे अधिकारी पडद्यामागे उभे राहत आणि त्यातल्या भोकांतून दिसेल तेवढाच समुद्र पाहत. त्यांच्या नौकांचा मार्ग पांढऱ्या खडूने उमटे, पाणबुडीचा हिरव्या. हिरवी रेघ तपकिरी जमिनीवर पडद्याआडून दिसत नसे. एक खेळी दोन मिनिटांची. अधिकारी चिठ्ठीवर आज्ञा लिहून देई आणि रेन त्याप्रमाणे जहाज सरकवत.

याच जमिनीवर खऱ्या लढायांचे अहवाल पुन्हा मांडले गेले. पाणबुड्या मालवाहू जहाजांच्या ताफ्याबाहेरून टॉर्पेडो सोडतात, हा तोवरचा समज. मांडून पाहिल्यावर हिशेब जुळेना. पाणबुडी रात्री मागच्या बाजूने, पाण्याच्या वरूनच ताफ्याच्या रांगांत शिरते, हे रॉबर्ट्स यांनी ओळखलं. जीन लेडलॉ आणि जॅनेट ओकेल या दोन रेनच्या साथीने त्यावर ‘रास्पबेरी’ हा डाव तयार झाला: हल्ला होताच नौकांनी ताफ्याच्या पाठीमागचा पट्टा पिंजून काढायचा. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः जुने पाणबुडीवाले. ते पाणबुडीच्या बाजूने खेळले आणि ओकेल यांच्याकडून पाच वेळा हरले.

माझ्याकडे पट मांडायला शिकणारी मुलं पहिल्यांदा निळ्या कापडाची आणि लाटांच्या रंगाची चौकशी करतात. मी त्यांना आधी दोरी बांधून चादर टांगायला लावतो. चादरीला भोक पडलं की खेळाडूच्या तोंडी वेगळे प्रश्न येतात: तो धूर कोणाचा? मागे कोण आहे? मघाशी दिसलेली पाणबुडी आता कुठे असेल? युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी डर्बी हाउसमधून असे प्रश्न विचारायला शिकून अटलांटिकवर गेले. त्यांचा समुद्र ज्यांनी आखला, त्या मुलींची नावं प्रत्येक नव्या खेळाडूला कळलीच पाहिजेत, असं मी मानतो.