रिकामी जागा आणि मोकळी जागा

शहराचं नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सभा, हार आणि चौकातले फलक येतात. आज मी हा विषय एका साध्या प्रश्नापासून सुरू करणार आहे. एखादा भूखंड मोकळा ठेवायचा हे कोण ठरवतं? आणि ठरल्यानंतर तो मोकळा राहील याची राखण कोण करतं?

मराठीत या बाबतीत दोन शब्द आहेत, आणि आपण ते सैलपणे वापरतो: रिकामी जागा आणि मोकळी जागा. रिकामं भांडं, रिकामी खुर्ची म्हटलं की काहीतरी भरायचं राहून गेलं आहे असं वाटतं. मोकळी हवा, मोकळं मन म्हटलं की तिथे काही उणं आहे असं वाटत नाही, उलट तेच पुरेसं असतं. आता गंमत बघा. जमिनीचा तुकडा एकच असतो. विकणाऱ्याला तो रिकामा दिसतो आणि तिथे क्रिकेट खेळणाऱ्या पोराला मोकळा. नवी मुंबईच्या नियोजनाचा इतिहास म्हणजे या दोन नजरांमधला झगडा आहे, असं माझं मत आहे.

इतिहास थोडा मागून घेऊ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने सुधारणा न्यास स्थापन केला, त्यालाच लोक इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट म्हणत. जमीन ताब्यात घ्यायची, रस्ते आखायचे, भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या त्यातूनच उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये हा न्यास महापालिकेत विलीन झाला. महत्त्वाची गोष्ट अशी की कारभाराबरोबर न्यासाच्या जमिनीही महापालिकेकडे आल्या. झाडू आणि सातबारा एकाच हातात आले, असं म्हणा हवं तर. त्याच काळातलं दादरचं मैदान घ्या. १९२५ मध्ये ते माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये, पालिकेच्या सदस्या अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याचं शिवाजी पार्क झालं. निवडून आलेल्या सभागृहाने एका मैदानाला आपलं म्हटलं. पुढे त्या मैदानावर हात टाकायचा तर कुणालाही दहादा विचार करावा लागला.

आता खाडीच्या अलीकडे येऊ. १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक कल्पना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, तिला पूर्वेकडे, खाडीपलीकडे, जोडशहर द्या. धनंजयराव गाडगीळांच्या समितीचा विचारही त्याच दिशेने गेला. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम झाला आणि मार्च १९७० मध्ये सिडको ही कंपनी स्थापन झाली. तिच्याकडे सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि ९५ गावांची जमीन सोपवण्यात आली. सुरुवातीच्या वर्षांत जे. बी. डिसूझा व्यवस्थापकीय संचालक होते, कोरिया मुख्य वास्तुविशारद होते, तर नियोजनाची आणि बांधकामाची धुरा पटेलांकडे होती.

हे नेतृत्व मोठं होतं, यात शंका नाही. खाजगी नागरिकांनी कागदावर मांडलेली कल्पना पाच वर्षांत सरकारने उचलावी, असं आपल्याकडे किती वेळा घडलं आहे? वीस लाख लोकांचं शहर, एकाच केंद्राभोवती न दाटता वाशी, नेरूळ, बेलापूर अशा स्वतंत्र नोडमध्ये विभागलेलं, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. पण या व्यवस्थेत एक गाठ पहिल्या दिवसापासून होती. शहर उभारायला लागणारा पैसा मुख्यतः जमिनीतूनच उभा करायचा होता. शेतकऱ्यांकडून जमीन संपादन करायची, तिच्यावर रस्ते-पाणी आणायचं आणि मग विकसित भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी गाडी नेरूळला आली. या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला. तो असाच, जमिनीच्या बळावर. म्हणजे नियोजनकार आणि जमीन विकणारा एकच. नकाशावर हिरवा रंग भरणारा हात आणि निविदा काढणारा हात एकाच देहाचे.

ती जमीन कुणाची होती? आपण बसलो आहोत त्या नेरूळच्या आसपास शिरवणे, सारसोळे, दारावे, करावे ही गावं आहेत. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. गावाला तळं होतं, गुरचरण होतं, होळीची जागा होती. सार्वजनिक जागा ही कल्पना इथे नियोजनकारांनी आणलेली नाही. ती इथे आधीपासून नांदत होती. जमीन घेताना सरकारने कारण दिलं ते सार्वजनिक हिताचं. मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातल्या जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्क्यांची योजना आली.

मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे थोडा थांबतो. सार्वजनिक हितासाठी म्हणून एखाद्याची जमीन घेतली, तर ते एक वचन होतं. त्या जमिनीचा काही भाग कायम सर्वांचा राहील, तेव्हाच ते वचन पाळलं असं म्हणता येईल. उद्या तोच भाग सर्वाधिक बोली लावणाऱ्याला दिला, तर १९८४ मध्ये जे गेले त्यांच्या घरच्यांना आपण काय उत्तर देणार आहोत? मोकळी जागा हा सुखवस्तू लोकांच्या सकाळच्या फेरफटक्याचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

१ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि १९९५ मध्ये पहिली निवडणूक झाली. मधल्या काळात ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिच्यासोबत आलेल्या बाराव्या अनुसूचीतला पहिलाच विषय नगरनियोजनाचा आहे, आणि उद्यानं, क्रीडांगणंही त्याच यादीत आहेत. सिडकोने टप्प्याटप्प्याने रस्ते, पाणी, बागा महापालिकेकडे दिल्या. पण न विकलेले भूखंड सिडकोकडेच राहिले. १९३३ मध्ये मुंबईत जे झालं ते इथे अर्धंच झालं. झाडू एकीकडे आला, सातबारा दुसरीकडेच राहिला.

याचा परिणाम २०२२ मध्ये उघडा पडला. स्थापनेनंतर तीस वर्षांनी महापालिकेने आपला पहिला प्रारूप विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. त्यात सिडकोच्या भूखंडांवर सार्वजनिक सुविधांची आरक्षणं होती. त्यावरून दोन संस्थांमध्ये वाद झाला. एकीला ती जागा मोकळी हवी होती, दुसरीच्या हिशेबात ती रिकामी होती. आणि नेमकं तेव्हा सभागृहच अस्तित्वात नव्हतं. मे २०२० पासून आयुक्त हेच प्रशासक होते. शहराच्या मैदानांचं भवितव्य ठरत असताना नगरसेवक नावाचा माणूस त्या खोलीत नव्हता. याला मी कुणा अधिकाऱ्याचा दोष म्हणत नाही. अधिकारी तीन वर्षांनी बदलतो. मैदान मोकळं ठेवणं मात्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागणारं व्रत आहे.

नेरूळचीच दोन उदाहरणं देतो. महापालिकेने इथे वंडर्स पार्क उभारलं, २०१२ मध्ये ते खुलं झालं. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत, मुलांना खेळ आहेत, आणि तिकीट आहे. चांगलं आहे, मुलं खूश होतात. दुसरं उदाहरण धारण तलावाचं. आपलं शहर सखल जमिनीवर आहे. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते तलावात थोपवायचं आणि ओहोटीला झडपांतून सोडायचं, अशी ही सोय. अशाच एका तलावाभोवती महापालिकेने ज्वेल ऑफ नवी मुंबई फुलवलं. आज तिथे पहाटेपासून माणसं असतात. विचार करा, ही जागा वाचली कशामुळे? ती विकली असती तर सेक्टरात पाणी शिरलं असतं. तिला पाण्याने राखलं. पण पाण्यालाही मर्यादा आहेत. धारण तलावांत गाळ साचतो, त्यावर कांदळवन वाढतं, आणि कांदळवन तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची मनाई आहे. गाळ काढायचा कसा, झाडं राखायची कशी, आणि पावसाळ्यात घरं कोरडी ठेवायची कशी? याला तयार उत्तर नाही. इथे माहिती असलेला आणि लोकांसमोर बसून बोलणारा नेता लागतो.

अॅरिस्टॉटलने प्लेटोशी वाद घालताना एक मुद्दा मांडला होता, तो मला नेहमी उपयोगी पडतो. प्लेटोला राज्य जाणकारांच्या हाती हवं होतं. अॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की काही कलांमध्ये कारागिरापेक्षा वापरणारा चांगला पारखी असतो. घराची पारख राहणाऱ्याला, जेवणाची जेवणाऱ्याला. नवी मुंबईला जाणकार उत्तम मिळाले. राहणाऱ्याचं मत मात्र तिने जवळपास पंचवीस वर्षं विचारलं नाही, आणि विचारायला लागली तेव्हा जमीन त्याच्या हाताबाहेर होती.

म्हणून माझं सांगणं अगदी छोटं आहे. आपल्या प्रभागाचा विकास आराखडा मागवा. घराजवळच्या मोकळ्या भूखंडाचा क्रमांक शोधा, त्यावर आरक्षण कसलं आहे आणि मालकी कुणाची आहे ते बघा. मत मागायला कुणी आलं, तर त्या क्रमांकाचं काय करणार एवढंच विचारा. उत्तर देताना तो त्या जागेला रिकामी म्हणतो की मोकळी, तेही ऐका.

माझं बोलणं संपलं. आता तुमचे प्रश्न घेऊ.